मासा आजारी कधी पडतो?



मासळी ताजी आहे की शिळी, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कल्ले उघडून बघायचे, लालभडक असले पाहिजेत. डोळा टपोरा आणि चकचकीत हवा. अंगावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. आमच्या घरी अम्मी ही परीक्षा इतक्या झटपट उरकायची, की मासळीवालीला भाव सांगायलाही उसंत मिळत नसे. मेलेल्या माशाबद्दल आपल्याला पुष्कळ कळतं. पण पाण्यात पोहणारा जिवंत मासा ठणठणीत आहे की आजारी, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न मला डहाणू तालुक्यातल्या कैनाडला एका वारली शेतकऱ्यानं विचारला. भाताच्या खाचराखालच्या पाणथळ तुकड्यात त्यानं तळं खणलं होतं. पावसाळ्यात रोहू, कटला आणि मृगळाची बोटुकली आणून सोडली होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढी वाढलेली माशाची पिल्लं. त्याहून लहान असतात त्यांना जिरे म्हणतात, आणि खरोखरच ती जिऱ्याएवढी दिसतात. भाताचा कोंडा आणि पेंड घालून त्यानं मासे वाढवले. पाऊस ओसरला, उन्हं तापू लागली आणि एके दिवशी काठाला चार मासे उलटे तरंगताना दिसले. पोटाखाली लाल चट्टे, काहींचे खवले उभे राहिलेले. दुसऱ्या दिवशी वीस. कुणीतरी दुकानातून पुडी आणून दिली, तीही पाण्यात टाकून झाली. तो मला म्हणाला, "भाई, मासा मेला का वर येतो, तवा आपल्याला कळतं. पण तो आजारी कधी पडला?"

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला काय उत्तर देता येणार? पण प्रश्न सोडवेना, म्हणून मी वाचू लागलो, जाणकारांना विचारू लागलो. आणि पहिल्याच पानावर एक शब्द भेटला, 'जनुक-अभिव्यक्ती'. अभिव्यक्ती हा तर आमच्या धंद्यातला शब्द! मनात असतं पुष्कळ, पण त्यातलं कागदावर काय उतरतं, कधी उतरतं, कशानं उतरतं, हा कवीचा जन्माचा प्रश्न. शास्त्रज्ञ तोच प्रश्न माशाच्या पेशीला विचारताहेत हे कळल्यावर मी वाचत गेलो. त्यातलं मला जे उमगलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे, जखमा, पोटात पाणी होऊन खवले उभे राहणं, या लक्षणांमागे पुष्कळदा एरोमोनास हायड्रोफिला नावाचा जिवाणू असतो. हा काही परगावाहून आलेला दरोडेखोर नव्हे. तो गोड्या पाण्यात कायमच राहतो. तळ्यात, ओढ्यात, माशाच्या अंगावरही. एरवी मासा आणि तो शेजारी शेजारी नांदतात. माशाची ताकद खचली, की हा शेजारी घरात शिरतो. त्याला एका टोकाला शेपटीसारखा एक बारीक धागा असतो. तो फिरवत फिरवत तो पोहतो. हा धागा लक्षात ठेवा, पुढं त्याचीच गोष्ट आहे.

आता मासा. मासा हातातून सटकतो तो अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे. आपल्याला तो थर किळसवाणा वाटतो, पण ती माशाची पहिली तटबंदी. तो थर सतत झडतो आणि नव्यानं तयार होतो, त्याबरोबर जिवाणू वाहून जातात. शिवाय जिवाणूंची भिंत फोडणारी द्रव्यंही त्यात असतात. बोटुकली निष्काळजीपणानं हाताळली, जाळ्यात घासली, की हा थर खरवडला जातो, आणि तटाला भगदाड पडतं.

तट फुटला तर आत सैन्य आहे. आपल्या रक्तपेशी हाडांच्या पोकळीतल्या मगजात जन्मतात. माशाच्या हाडात असा मगज नसतो. त्याचं काम डोक्यामागं असलेला मूत्रपिंडाचा पुढचा भाग करतो. त्याला शास्त्रज्ञ 'शीर्ष-मूत्रपिंड' म्हणतात. तिथं आणि प्लीहेत जिवाणू गिळणाऱ्या पेशी तयार असतात. मासे ॲंटिबॉडीही बनवतात, म्हणजे ठरावीक शत्रूवर चालणारी नेमकी हत्यारं. पण ती घडवायला आठवडे लागतात, थंड पाण्यात तर आणखी जास्त. जिवाणू आठवडाभर थांबत नाही. उबदार पाण्यात त्याची संख्या भराभर दुप्पट होत जाते. तेव्हा पहिले काही तास आणि पहिले काही दिवस माशाला उपजत शक्तीवरच काढावे लागतात.

या उपजत शक्तीला शत्रू ओळखू कसा येतो? हे कोडं सुटायला विसावं शतक संपत आलं. १९९६ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथं ज्यूल्स हॉफमन यांच्या गटानं फळमाशीत दाखवून दिलं, की 'टोल' नावाचं जनुक बिघडलं तर माशी बुरशीपुढं हतबल होते. १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला उंदरात त्याच कुळातलं जनुक सापडलं. या कामाबद्दल दोघांना २०११चं नोबेल पारितोषिक मिळालं. ही 'टोल'ची भावंडं म्हणजे पेशीच्या वेशीवरचे पहारेकरी. प्रत्येक पहारेकऱ्याला शत्रूची एकेक खूण माहीत असते. जी खूण आपल्या शरीरात कुठंच नसते आणि शत्रूला बदलणं सहज जमत नाही, अशी खूण.

एरोमोनासचा तो पोहण्याचा धागा आठवतो? तो ज्या प्रथिनाचा बनतो, ते ओळखणारा पहारेकरी मासा आणि माणूस दोघांतही आहे. त्याचा क्रमांक पाचवा. माशांमध्ये तर त्याची दोन रूपं आढळतात. एक पेशीच्या पडद्यात रोवलेलं, दुसरं रक्तात मोकळं फिरणारं. म्हणजे एक वेशीवरचा जागल्या आणि दुसरा गस्त घालणारा. उलट, जिवाणूच्या भिंतीतल्या ज्या एका द्रव्यानं माणसाला जीवघेणा धक्का बसू शकतो, ते मासे पुष्कळ प्रमाणात सहन करतात. कारण उघड आहे. माशाला जन्मभर जिवाणूंनी भरलेल्या पाण्यातच राहायचंय. दर वेळी दचकून कसं चालेल?

पहारेकऱ्यानं खूण ओळखली, आता बातमी आत पोचायला हवी. इथं अभिव्यक्तीची गोष्ट सुरू होते. माशाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, म्हणजे एकच जाडजूड पोथी घरोघरी ठेवलेली. पण कुठल्या घरात कुठलं पान उघडायचं, हे प्रसंगावर ठरतं. लढाईची पानं एरवी मिटलेली असतात. ती उघडणारं एक प्रथिन पेशीत असतं, पण त्याला दुसऱ्या एका प्रथिनानं बांधून ठेवलेलं असतं. पहारेकऱ्याची हाक आली, की बांधणारं प्रथिन नष्ट केलं जातं. सुटलेलं प्रथिन थेट पेशीच्या केंद्रात शिरतं आणि पोथीची नेमकी पानं उघडतं. त्या पानांच्या नकला निघतात. त्या नकलांना आरएनए म्हणतात. आरएनए ही चिठ्ठी. चिठ्ठीबरहुकूम प्रथिनं बनतात. त्यातलं एक प्रथिन आसपासच्या पेशींना जागं करतं, एक लढणाऱ्या पेशींना 'इकडं या' म्हणून बोलावतं, एखादं थेट जिवाणूला भोक पाडतं. काही वेळानं 'आता पुरे' असं सांगणारी चिठ्ठीही निघते. ती वेळेवर निघाली नाही, तर लढाईतल्या आगीत स्वतःचंच घर जळतं.

या चिठ्ठ्या फार काळ टिकत नाहीत. पेशी त्या लगेच फाडून टाकते, नाहीतर कालचा हुकूम आज चालू राहायचा. म्हणूनच चिठ्ठ्या मोजल्या, तर त्या घटकेला पेशी काय बोलते आहे ते कळतं. कैनाडच्या त्या प्रश्नाला इथं उत्तराची वाट सापडते.

ही मोजणी कशी होते, तेही ऐका, कारण ती फार दूर होत नाही. डहाणू रोडहून लोकलनं अंधेरीला उतरलं, की पुढं वर्सोवा. तिथं १९६१ साली सुरू झालेली केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्था आहे. १९८९पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. तिथं, तसंच भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेत, आपल्या रोहू-कटल्यावर असं संशोधन झालं आहे. प्रयोगाची रीत साधारण अशी: सारख्या आकाराच्या माशांचे दोन गट करायचे. एका गटाला जिवाणू टोचायचे, दुसऱ्याला नुसतं मिठाचं निर्जंतुक पाणी. मग तीन तासांनी, सहा, बारा, चोवीस तासांनी, पुढं काही दिवसांनी दोन्ही गटांतले काही मासे घेऊन त्यांचं शीर्ष-मूत्रपिंड, प्लीहा, यकृत, कल्ले काढायचे. चिठ्ठ्या विरून जाऊ नयेत म्हणून ते तुकडे लगोलग टिकवण द्रवात किंवा अतिथंड द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचे.

मग चिठ्ठीवरून डीएनएची प्रत करायची आणि ती यंत्रात घालायची. हे यंत्र दर फेरीला प्रती दुप्पट करतं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा फेऱ्यांत एकाचे एक हजार चोवीस होतात. प्रती ठरावीक संख्येला पोचल्या, की यंत्राला त्यांची चमक दिसते. ज्या नमुन्यात मुळात चिठ्ठ्या जास्त, तो आधी चमकणार. समजा आजारी माशाचा नमुना तीन फेऱ्या आधी चमकला, तर त्यात चिठ्ठ्या दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट होत्या. मूळ नमुनाच कमी-जास्त घेतला गेला असेल तर? म्हणून ज्याचं काम पेशीत बाराही महिने सारखंच चालतं असं एक जनुक शेजारी ठेवतात, आणि तुलना त्याच्याशी करतात. वाण्याच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात वजन असतं ना, तसं.

या मोजणीतून वारंवार दिसलेली गोष्ट अशी: हाक देणाऱ्या जनुकांच्या चिठ्ठ्या जिवाणू शिरल्यानंतर काही तासांतच वाढू लागतात. त्या वेळी मासा नेहमीसारखा पोहत असतो. अंगावर डाग नसतो. नंतर कधीतरी तो खाणं कमी करतो, कळपापासून दूर राहतो, काठाशी सुस्त पडतो. मग चट्टे येतात. आणि सगळ्यात शेवटी तो वर तरंगतो. काठावरच्या माणसाला दिसतं ते या गोष्टीचं शेवटचं पान. चार मासे मेलेले दिसले, तेव्हा तळ्यातल्या शेकडो माशांच्या पेशींत आरडाओरडा सुरू होऊन बराच काळ लोटलेला असतो.

मग ही मोजणी रोज प्रत्येक तळ्यावर करायची का? तसं नव्हे. मासा मारून, महागडं यंत्र लावून ते परवडणारही नाही. तिचा उपयोग वेगळा आहे. कशानं माशाची शक्ती वाढते आणि कशानं खचते, हे तिच्यातून ठरवता येतं.

पहिला उपयोग लशींसाठी. नॉर्वेचं उदाहरण जगभर सांगतात. तिथं पिंजऱ्यांत सामन मासा पाळतात. १९८७ साली त्या माशांसाठी सुमारे पन्नास टन प्रतिजैविकं वापरली गेली. पुढं जिवाणूंच्या रोगांवर परिणामकारक लशी आल्या, एकेका पिल्लाला लस टोचली जाऊ लागली, आणि माशांचं उत्पादन कितीतरी पटींनी वाढूनही प्रतिजैविकांचा वापर एखाद्या टनाच्या आसपास किंवा त्याहून खाली आला. लस माशाच्या शरीरात काय जागं करते, हे तपासायला ही मोजणी लागते.

दुसरा उपयोग वाण निवडण्यासाठी. कौसल्यागंगाच्या संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं १९९२पासून निरनिराळ्या नद्यांतले रोहू एकत्र करून त्यांतले सरस मासे पिढ्यान्‌पिढ्या निवडले. त्यातून झपाट्यानं वाढणारा वाण तयार झाला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास तो आला म्हणून त्याचं नाव 'जयंती'. पुढं नुसत्या वाढीबरोबर एरोमोनासला तोंड देण्याची ताकदही निवडीत धरली जाऊ लागली.

तिसरा उपयोग खाद्यासाठी. यीस्टच्या भिंतीतलं द्रव्य, लसूण, हळद असं काय काय माशांच्या खाद्यात घालून पाहिलं गेलं आहे. दिल्ली विद्यापीठात तर आघाड्याच्या बिया कटला आणि रोहूला देऊन अभ्यास झाला. आपल्या पूजेच्या पत्रीतला आघाडा, बांधावर आपोआप उगवणारा! पण इथं जाणकार एक इशारा देतात, तो मला फार मोलाचा वाटतो. चिठ्ठ्या वाढल्या म्हणजे मासा वाचलाच असं नाही. मोठ्यानं बोलणारा प्रत्येक जण शूर नसतो. म्हणून खाद्य दिल्यावर खऱ्या जिवाणूशी गाठ घालून किती मासे जगले, हे मोजावंच लागतं. तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' असं छापलेली बाटली कुणी पुढं केली, तर 'किती मासे जगले?' हा एक प्रश्न जरूर विचारावा.

आता खचण्याविषयी. गर्दी, हाताळणी, गढूळ आणि सडकं पाणी यांनी मासा ताणाखाली येतो. त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. आपल्याही रक्तात काळजीच्या वेळी हेच वाढतं. थोडा वेळ ते उपयोगाचं असतं. दिवसचे दिवस वाढलेलं राहिलं, तर लढाईची पानं नीट उघडत नाहीत. तळ्यातल्या पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, कारण रात्री शेवाळ आणि वनस्पती तो बनवत नाहीत, उलट वापरतात. म्हणून मासे पहाटे तोंड वर काढून गटागटा श्वास घेताना दिसतात. उरलेली पेंड तळाशी सडली, की तोटा आणखी वाढतो, वर अमोनियाही तयार होतो.

आणखी एक गोष्ट वाचून मी थक्क झालो. माशाला आपल्यासारखा ताप येत नाही, त्याचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम. पण आजारी मासा, संधी मिळाली, तर अधिक उबदार पाण्याकडे पोहत जातो, आणि तिथं त्याची प्रतिकारशक्ती चांगली चालते. म्हणजे तो आपला ताप पाण्यातून शोधून आणतो. नदीत त्याला अशी निवड करता येते. उथळ, खच्चून भरलेल्या तळ्यात तो जाणार कुठं? तिथं त्याच्या वाटची निवड तळं राखणाऱ्यालाच करावी लागते.

आणि ती पुडी? प्रतिजैविक जिवाणूवर चालतं. प्राणवायू कमी पडला असेल, परजीवी असेल, विषाणू असेल, तर त्याचा काडीचा उपयोग नाही. जिवाणू असला तरी कुठलं औषध, किती, किती दिवस, हे तपासल्याशिवाय ठरत नाही. खाणं सोडलेल्या माशाच्या पोटात खाद्यातलं औषध जातच नाही, आणि पाण्यात ओतलेलं औषध सगळ्या तळ्यातल्या जिवाणूंना थोडं थोडं मिळतं. मरण्याइतकं नाही, सरावण्याइतकं. सरावलेले जिवाणू तळ्यातच राहतील याची हमी कोण देणार? पाणी ओढ्याला मिळतं. जिवाणू आपली औषधं पचवण्याची जनुकं दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. उद्या त्याच वस्तीतल्या लेकराच्या तापावर तेच औषध चालेनासं होऊ शकतं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानसारखी औषधं मत्स्यपालनात वापरायला आपल्याकडे बंदी आहे. पण नाव नसलेल्या पुडीत काय आहे, हे घेणाऱ्याला कसं कळावं?

तेव्हा तळं राखणाऱ्यानं करायचं ते साधं आहे. बोटुकली मोजून सोडावी, हावेपोटी दुप्पट नको. आणल्यावर पिशवी आधी तळ्याच्या पाण्यात तरंगत ठेवावी, पाण्याची ऊब सारखी झाली की मगच तोंड सोडावं. पहाटे एक फेरी तळ्याकडे मारावी. खाद्य टाकताना किती मासे येतात, ते बघावं. खाणं कमी होणं ही डोळ्यांना दिसणारी पहिली चिठ्ठी. ती मिळाली, की खाद्य थांबवावं, ताजं पाणी सोडता आलं तर सोडावं, आणि मेलेला नव्हे, मरायला टेकलेला मासा तपासणीला न्यावा. कारण मेलेल्या माशात नंतर शिरलेले जिवाणूही सापडतात, आणि खरा गुन्हेगार गर्दीत लपतो.

पण तपासणीला न्यायचा कुठं? डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून वर्सोवा गाठायचं, तर मासाही टिकत नाही आणि माणसाचा रोजही बुडतो. जनुकांची मोजणी वर्सोव्याला होऊ दे. पण साधा सूक्ष्मदर्शक, पाण्याची तपासणी, जिवाणू वाढवून त्यावर कुठलं औषध चालतं ते बघण्याची सोय, एवढं तालुक्याच्या गावी असायला काय हरकत आहे? गुराला डॉक्टर मिळतो, निदान मिळावा असं आपण मानतो. माशावर ज्यांचं वर्ष अवलंबून आहे, त्यांनी का मागू नये?

एका तळ्यातले मासे मेले, ही बातमी होत नाही. कुणाच्या तरी घरात त्या वर्षी वह्या उशिरा येतात, सावकाराचं व्याज एक हंगाम पुढं जातं, एवढंच. आपण ज्याला मुका जीव म्हणतो, तो मासा आजारी पडताच काही तासांत बोलू लागतो, हे आता शास्त्रानं दाखवून दिलं आहे. त्याचं बोलणं तळ्याच्या काठापर्यंत पोचवणं, हे काम अजून व्हायचं आहे. ते माशाचं नाही, आपलं आहे.